एका संध्याकाळचे चार वाटेकरी

ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, गांधीजयंतीच्या दिवशीं, मुंबईंत वरळी येथें दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालें. दिल्लीस हा प्रयोग ता. १५ सप्टेंबर १९५९ रोजींच झाला होता. म्हणजे देशांतील दुसरें केंद्र मुंबईच्या वाट्यास येण्यास तेरा वर्षें लागलीं. त्या वेळीं हें माध्यम आकाशवाणीच्याच घरांतील धाकटें भावंड होतें. ता. १ एप्रिल १९७६ रोजीं तें विभक्त झालें व ‘दूरदर्शन’ या नांवानें त्यानें आपला संसार वेगळा थाटला.

मुंबई केंद्रापुढें आरंभापासूनच एक नाजूक प्रश्न होता. प्रक्षेपणाची वाट एकच, वेळ संध्याकाळचे मोजके तास, आणि शहर मात्र बहुभाषी. महाराष्ट्र राज्य ता. १ मे १९६० रोजीं स्थापन झालें, त्यास पुरतीं साडेबारा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. मुंबई कोणाची, या वादाच्या आठवणी मराठी व गुजराती अशा दोन्ही घरांत ताज्या होत्या. अशा शहरांत एकच संध्याकाळ मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी या चार भाषांत वांटावयाची होती.

ही वांटणी कशी झाली, हें मुलांच्या कार्यक्रमांवरून चांगलें दिसतें. मराठी मुलांसाठीं ‘किलबिल’, गुजराती मुलांसाठीं ‘संताकुकडी’, हिंदींत ‘खेल खिलौने’ आणि इंग्रजींत ‘मॅजिक लँप’. शनिवारीं मराठी चित्रपट, तर रविवारीं हिंदी. मराठीच्या वाट्यास आलेला वेळ थोडा होता. परंतु त्याचें चीज झालें. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांतून शेतीचे प्रश्न शहराच्या दिवाणखान्यांत आले. ‘ज्ञानदीप’नें प्रेक्षकांशीं पत्रांचा संबंध जोडला. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्यें साहित्यिक व कलावंत बोलते झाले, तर ‘गजरा’नें छोट्या नाट्यप्रवेशांतून लोकांस हंसविलें. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानें, याच पडद्यावर अवतरले. पुढें चित्रपटसृष्टींत कीर्ति मिळविणाऱ्या स्मिता पाटील यांचा चेहराही लोकांनीं प्रथम येथेंच, मराठी बातम्या सांगतांना पाहिला.

तथापि या वांटणीचा खरा परिणाम कोणीं योजलेला नव्हता. एक कार्यक्रम नको म्हणून दुसरीकडे वळण्याची सोयच नव्हती. संच थोडे, म्हणून ज्याच्या घरीं संच, त्याच्या घरीं शेजारीपाजारी. मराठी चित्रपटाची वाट पाहणाऱ्यास आधीचा गुजराती कार्यक्रम पाहावा लागे, आणि गुजराती कुटुंबास ‘गजरा’ची गोडी लागे. ज्यानें नांगर कधीं हातीं धरला नाहीं, असा कारकून पिकांवरील किडीविषयीं ऐकत बसे. शेजाऱ्याची भाषा कानांवर पडे, ती अशी नकळत.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें १९७३ सालीं पुण्यास हे कार्यक्रम दिसूं लागले; परंतु विदर्भ व मराठवाडा यांस त्या दशकांत वरळीच्या चित्राचा लाभ झाला नाहीं. ज्या भाषेच्या नांवानें राज्य झालें, तिला राजधानींतील केंद्रावर कांहीं तासच मिळावे, ही तक्रार अवाजवी म्हणतां येणार नाहीं. त्यांत ता. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि रात्रीचा मोक्याचा वेळ तिकडे गेला. चार वाटेकऱ्यांत पांचव्याची भर पडली.

पुढें उपग्रहानें ही अडचण दूर केली. ता. १५ ऑगस्ट १९९४ रोजीं दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी निघाली, ता. ५ एप्रिल २००० रोजीं तिचें नांव ‘सह्याद्री’ झालें. तत्पूर्वीं १९९९ सालीं ‘अल्फा मराठी’ ही खाजगी वाहिनीही आली होती. मराठीस संपूर्ण दिवस मिळाला. हा न्यायच झाला. मात्र त्याच वेळीं प्रत्येक भाषा आपापल्या खोलींत जाऊन बसली, आणि मधलें दार लागलें.

त्या सामायिक संध्याकाळचा पुरावा आज फार थोडा उरला आहे. चित्रफिती महाग असल्यामुळें जुनें चित्रण पुसून त्याच फितीवर नवें घेण्याची तेव्हां रीत होती. पुष्कळ कार्यक्रम त्यांत नाहींसे झाले. आतां राहिली ती माणसांची स्मृति. त्या काळीं ‘किलबिल’ पाहणारीं मुलें आज आजीआजोबा झालीं आहेत. त्यांच्या आठवणी वेळींच लिहून ठेवल्या, तर एक संध्याकाळ चौघांनीं कशी वांटून घेतली होती, हें पुढच्या पिढीस निदान वाचावयास तरी मिळेल.