मुख्य प्रशिक्षक, अमेरिकन फुटबॉलमधील : श्रेष्ठतेची क्रमवारी

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेतील संघांच्या मुख्य प्रशिक्षकांचे कर्तृत्वानुसार लावलेले क्रम. अधिकृत क्रमवारी नाही. शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये लीगने जो सर्वकालीन संघ जाहीर केला, त्यात दहा प्रशिक्षक होते : बिल बेलिचिक, पॉल ब्राउन, जो गिब्ज, जॉर्ज हॅलस, कर्ली लॅम्बो, टॉम लँड्री, व्हिन्स लोम्बार्डी, चक नोल, डॉन शुला आणि बिल वॉल्श. त्यांना क्रमांक मात्र दिले नव्हते, आणि वाद नेमका क्रमांकांचाच आहे.

या खेळात प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो, त्यामुळे पुढची चाल मैदानाबाहेरून ठरवता येते. क्रिकेटमध्ये कर्णधाराकडे असणारे बरेचसे निर्णय इथे प्रशिक्षक घेतो. जयापजयाचे खाते त्याच्या नावावर मांडले जाते ते यामुळेच.

निव्वळ विजय मोजले तर शुला पहिले. बाल्टिमोर आणि मायामी या संघांकडून ३३ हंगामांत, बाद फेरी धरून, त्यांचे ३४७ विजय आहेत. बेलिचिक ३३३ वर थांबले, हॅलस ३२४ वर. १९७२ मध्ये शुलांचा मायामी संघ सर्व १७ सामने जिंकला. मुख्य क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असणारा, पास फेकणारा खेळाडू) बॉब ग्रीसी जायबंदी असताना त्यांतले बरेच सामने ३८ वर्षांच्या अर्ल मॉरल यांच्या भरवशावर काढले, हे त्या हंगामाचे खरे वैशिष्ट्य. परंतु सहा सुपर बोलपैकी, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यांपैकी, शुलांनी चार गमावले.

विजेतेपदे मोजली तर बेलिचिक, हॅलस आणि लॅम्बो प्रत्येकी सहांवर बरोबरीत येतात. ही बरोबरी फसवी आहे. १९३३ पूर्वी अंतिम सामन्याची नियमित पद्धत नव्हती, गुणतक्त्यावरच विजेता ठरे. लॅम्बोंची पहिली तीन विजेतेपदे त्या काळातली. हॅलस तर शिकागो बेअर्सचे मालकही होते, म्हणजे त्यांना काढून टाकणारे कोणी नव्हते. बेलिचिक यांची सहा विजेतेपदे वेतनमर्यादेच्या काळातली आहेत. १९९४ पासून लागू झालेल्या या मर्यादेमुळे चांगला संघ वर्षानुवर्षे एकत्र ठेवणे अवघड झाले, म्हणून या विजेतेपदांचे मोल अधिक. आक्षेप दुसरा आहे : ही सहाही टॉम ब्रेडी क्वार्टरबॅक असतानाची. २०२० मध्ये ब्रेडी टँपा बे संघात गेले आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकले. बेलिचिक यांना पुढील चार हंगामांत बाद फेरीतला एकही सामना जिंकता आला नाही. २००७ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचे चित्रीकरण केल्याबद्दल त्यांना झालेला पाच लाख डॉलरचा दंडही टीकाकार विसरत नाहीत. याउलट गिब्ज यांनी वॉशिंग्टनसाठी तीन सुपर बोल तीन वेगळ्या क्वार्टरबॅकांना घेऊन जिंकले. त्यांना वरचे स्थान क्वचित मिळते, हे अन्यायाचे वाटते.

लोम्बार्डी यांची कारकीर्द छोटी, दबदबा मोठा. १९५८ मध्ये एकच सामना जिंकलेला ग्रीन बे पॅकर्स त्यांच्या हाती आला आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच वेळा विजेता झाला. सुपर बोलच्या करंडकाला त्यांचे नाव आहे.

खेळावरील प्रभाव हा निकष धरला तर, प्रस्तुत नोंदीच्या मते, पहिला मान पॉल ब्राउन यांचा. क्लीव्हलँड संघ त्यांच्या हाताखाली १९४६ ते १९५५ अशी सलग दहा वर्षे अंतिम लढतीत पोचला आणि सात वेळा जिंकला. पहिली चार विजेतेपदे दुसऱ्या, पुढे बंद पडलेल्या लीगमधली असल्याने कित्येक याद्यांत ती धरलीच जात नाहीत. खेळाडूंना वर्गात बसवून चाली लिहून घ्यायला लावणे, त्यांची लेखी परीक्षा घेणे, सामन्यांच्या चित्रफिती पाहून प्रत्येकाचे मूल्यमापन करणे, राखीव खेळाडूकरवी पुढची चाल मैदानात धाडणे, हे सारे त्यांनी शिस्तीने रुजवले. मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूंना त्यांनी १९४६ मध्येच संघात घेतले. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन आले ते पुढच्या वर्षी. शुला आणि नोल त्यांच्याकडे खेळलेले, तर वॉल्श पुढे सिनसिनाटी संघात त्यांचे सहायक. या तिघांचे मिळून नऊ सुपर बोल होतात. वॉल्श यांची छोट्या, अचूक पासांची पद्धत माइक होल्मग्रेन यांच्यामार्फत अँडी रीड यांच्यापर्यंत पोचली आणि रीड यांनी कॅन्सस सिटीला तीन सुपर बोल मिळवून दिले. स्वतः ब्राउन यांना सुपर बोल कधी लाभला नाही. १९६३ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या मालकाने तर त्यांना बडतर्फच केले होते.

बाद फेरी वगळून, नियमित हंगामात किमान शंभर सामने जिंकलेल्यांत विजयाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते यांपैकी कोणाचेच नाही. तो मान ओकलंड रेडर्सच्या जॉन मॅडन यांचा : १०३ विजय, ३२ पराभव, ७ बरोबरी. दहा हंगामांनंतर, वयाच्या ४२ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पुढे समालोचक म्हणून व आपल्या नावाच्या व्हिडिओ गेममुळे अधिक ओळखले गेले.