शाकारणी

शाकारणी : पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर उतरवून, झाडून व पुन्हा रचून ते गळणार नाही असे करण्याचे कोकणातील परंपरागत काम. हिमप्रदेशात छपरावरील बर्फ वेळीच उतरवावा लागतो, कारण घट्ट बसलेल्या बर्फाचा एक मी. जाडीचा थर दर चौ. मी.वर २०० ते ३०० किग्रॅ. भार टाकू शकतो. कोकणात हा धोका पावसाच्या पाण्याचा व ते अडविणाऱ्या पालापाचोळ्याचा असतो.

वसईच्या खाडीच्या दक्षिणेकडील मीरा-भाईंदर परिसरात (ठाणे जिल्हा) उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, घोडबंदर इ. जुनी गावे आहेत. भातशेती, मासेमारी व मिठागरे यांवर उपजीविका असलेल्या अशा गावांतील घरांवर पूर्वी गवत, पेंढा वा झावळ्या घालीत. हे छप्पर वरचेवर नवे करावे लागे. नळीची कौले नुसती एकमेकांवर रचलेली असल्याने वाऱ्याने व प्राण्यांच्या वावराने सरकत. म्हणून मे महिन्यात ती फेररचीत. फ्रान्सच्या अल्सेस प्रांतात झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये खाचेत बसणारी कौले प्रचारात आणली. त्याच पद्धतीची कौले बाझेल मिशनने १८६५ पासून मंगळूर येथे तयार केली. ही मंगलोरी कौले रिपांवर घट्ट बसत असल्याने वार्षिक काम बरेच कमी झाले.

कौलांवर चढणारा जाणकार वाशांच्या रेषेतच पाय देतो. विसाव्या शतकात आलेल्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांनी गळती कमी केली, तथापि चढणाऱ्याचा धोका वाढविला. जुना पत्रा वरून धड दिसला, तरी पायाखाली अकस्मात फुटतो. म्हणून दोन आधारांवर टेकणारी रुंद फळी टाकूनच त्यावर काम करावे. तो फोडल्यास वा कापल्यास उडणारे तंतू फुप्फुसांस घातक असतात. शेवाळलेल्या छपरावर पाऊस सुरू झाल्यावर चढू नये. निसर्ग (३ जून २०२०) व तौक्ते (मे २०२१) ही चक्रीवादळे ऐन शाकारणीच्या हंगामात किनाऱ्यावर आली. त्यामुळे एका वेळी छपराचा थोडाच भाग उघडणे श्रेयस्कर ठरते.

मीरा-भाईंदर येथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. या काळात काँक्रीटच्या इमारती वाढून शाकारणी मागे पडली. परंतु सपाट गच्चीचे पन्हळ तुंबून १० सेंमी. पाणी साचल्यास दर चौ. मी.वर १०० किग्रॅ. भार येतो. त्यामुळे मे महिन्यात पन्हळ मोकळे करणे हेच आता शाकारणीचे उरलेले रूप होय.