'कम ऑफ एज' : एका वाक्प्रचाराचा इतिहास

इंग्रजीतील 'कम ऑफ एज' हा वाक्प्रचार मराठीत आणताना पुष्कळ लेखक 'वयात येणे' असा प्रयोग करतात. वरवर पाहता भाषांतर चोख वाटते; अर्थ मात्र हातचा निसटतो. आपल्याकडे वयात येते ते शरीर. इंग्रजांकडे वयास पोचतो तो वारस. या वाक्प्रचाराचे मूळ इंग्लंडच्या जमीनधारणेच्या इतिहासात आहे.

बाराव्या शतकात तेथे सज्ञानतेचे वय सर्वांस एकच नव्हते. ११८७ ते ११८९ च्या सुमारास रचिलेल्या व ग्लॅन्व्हिलच्या नावावर चालत आलेल्या कायदेग्रंथात तीन मापे सांगितली आहेत. युद्धसेवेच्या अटीवर जमीन धारण करणाऱ्या नाइटचा पुत्र २१ वर्षांचा झाला म्हणजे सज्ञान. लष्करी सेवेवाचून जमीन कसणाऱ्या स्वतंत्र कुळाचा पुत्र १५ व्या वर्षी. आणि नगरवासी व्यापाऱ्याचा पुत्र मात्र पैसे नीट मोजू लागला, कापड मापू लागला व बापाचा व्यवहार सांभाळू लागला म्हणजे सज्ञान! येथे वर्षांचा हिशेबच नाही. पुढील शतकात ब्रॅक्टनच्या ग्रंथातही अशाच कुळाच्या कन्येविषयी, तिला घराचा कारभार पाहता येऊ लागला की ती सज्ञान, असे माप आढळते.

नाइटपुत्रासच २१ वर्षे का? जड चिलखत अंगावर घेऊन घोड्यावरून लढण्याचे बळ तोवर येत नाही, असे कारण इतिहासकार देतात. परंतु या विलंबाचा लाभ दुसऱ्यासही होता. वारस अज्ञान असेतोवर त्याच्या जमिनीचे उत्पन्न धनी खाई. त्याचा विवाह जुळविण्याचा हक्कही विकला जाई. म्हणूनच १२१५ च्या मॅग्ना कार्टात, धन्याच्या ताब्यात राहिलेला वारस वयास पोचताच त्यास वेगळा नजराणा न घेता वतन द्यावे, असे कलम घालावे लागले. 'कम ऑफ एज' या शब्दांत सुटकेचा सूर आहे तो यामुळे.

१६६० साली ही सरंजामी सेवा कायद्याने नष्ट झाली. चिलखत गेले, पालकत्वाची लूट गेली. २१ चा आकडा मात्र सरसकट सर्वांच्या माथी राहिला. १९६९ च्या कायद्याने तो १८ वर आणला व १ जानेवारी १९७० पासून तो बदल अमलात आला.

आपल्याकडे कौटिल्याने स्त्रीस १२ व्या व पुरुषास १६ व्या वर्षी 'प्राप्तव्यवहार' मानिले आहे. 'कम ऑफ एज'ला याहून नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण. १८७५ च्या कायद्याने हिंदुस्थानात सज्ञानतेचे सर्वसामान्य वय १८ ठरले, म्हणजे इंग्लंडच्या ९५ वर्षे आधी! परंतु त्या कायद्याने विवाह, घटस्फोट व दत्तक हे विषय वगळले होते. परिणाम असा, की शेताचा तुकडा विकण्यास अज्ञान असलेली मुलगी संसारात पडण्यास मात्र योग्य ठरे. १८९१ साली संमतिवय १० वरून १२ करितानाही केवढे वादळ उठले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. मालमत्तेस समज लागते, संसारास शरीर पुरते, हा तो न्याय. 'वयात येणे' या प्रयोगात तोच न्याय दडलेला आहे. म्हणून भाषांतरकाराने तो जपून वापरावा.

आमच्या बोलीत आणखी एक प्रयोग आहे. शेतकरी किंवा दुकानदार समाधानाने म्हणतो, "पोरगा आता हाताशी आला." त्याने वर्षे मोजलेली नसतात की अंगकाठी पाहिलेली नसते, काम पाहिलेले असते. कापड मापणाऱ्या त्या इंग्रज व्यापारीपुत्राची कसोटी हीच होती. कायद्यास आकड्यावाचून गत्यंतर नाही, हे खरे. पण आकडा पुरा झाला म्हणजे माणूस हाताशी आलाच, असे मात्र कोणत्याही भाषेने म्हटलेले नाही.