अमेरिकन ब्यूटी (चित्रपट)

अमेरिकन ब्यूटी : अमेरिकी उपनगरातल्या सुखवस्तू कुटुंबाच्या असमाधानावरचा इंग्रजी चित्रपट (१९९९). दिग्दर्शन सॅम मेंडिस, पटकथा ॲलन बॉल, छायाचित्रण कॉनरॅड हॉल, संगीत टॉमस न्यूमन, निर्मितीसंस्था ड्रीमवर्क्स. लंडनच्या रंगभूमीवर नाव मिळवलेल्या मेंडिस यांचा हा पहिलाच चित्रपट. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ३५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. मार्च २००० मध्ये झालेल्या ७२व्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता (केव्हिन स्पेसी), मूळ पटकथा आणि छायाचित्रण अशी पाच पारितोषिके त्याला मिळाली. ‘आणखी जवळून पाहा’ या अर्थाचे घोषवाक्य चित्रपटाच्या जाहिरातीत होते आणि नायकाच्या कार्यालयातल्या टेबलापाशीही ते डकवलेले दिसते. चित्रपटाचा अर्थ लावताना या सूचनेचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

पार्श्वभूमी : ‘उपनगर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंधेरी-बोरिवलीची दाटी, लोकलची गर्दी आणि भिंतीला भिंत लागून असलेला शेजार येतो. अमेरिकी उपनगर याच्या अगदी उलट आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने घरकर्ज सुलभ केले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही एकसारख्या घरांची वसाहत उभी राहू लागली. १९५६ च्या कायद्याने महामार्गांचे जाळे विणायला घेतले. स्वतंत्र घर, पुढे हिरवळ, बाजूला गॅरेज आणि प्रत्येक कामासाठी मोटार, हा सुखाचा नमुना ठरला.

त्या सुखाआडच्या कोंडमाऱ्याची दखल साहित्याने आणि चित्रपटाने लवकरच घेतली. जॉन चीव्हर यांच्या कथा, रिचर्ड येट्स यांची ‘रेव्होल्यूशनरी रोड’ (१९६१) ही कादंबरी, डग्लस सर्क यांचा ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५), माइक निकोल्स यांचा ‘द ग्रॅज्युएट’ (१९६७), डेव्हिड लिंच यांचा ‘ब्लू व्हेल्वेट’ (१९८६) आणि अँग ली यांचा ‘द आइस स्टॉर्म’ (१९९७) हे या परंपरेतले ठळक टप्पे होत. येट्स यांच्या कादंबरीवर पुढे मेंडिस यांनीच २००८ मध्ये चित्रपट केला.

कथानक : बेचाळीस वर्षांचा लेस्टर बर्नम (केव्हिन स्पेसी) एका मासिकात चौदा वर्षे नोकरी करून कंटाळला आहे. वर्षभराच्या आत आपण मरणार आहोत, हे तो निवेदनात सुरुवातीलाच सांगतो; मृत माणसाने आपली गोष्ट सांगण्याची ही युक्ती बिली वाइल्डर यांच्या ‘सनसेट बूलेव्हार्ड’ (१९५०) मध्येही आहे. पत्नी कॅरोलिन (ॲनेट बेनिंग) घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करते. मुलगी जेन (थोरा बर्च) आईबापांपासून तुटलेली आहे. जेनची मैत्रीण अँजेला (मीना सुवारी) हिच्या मोहात पडून लेस्टर नोकरी सोडतो, गांजा ओढतो, व्यायाम करू लागतो. शेजारी राहायला आलेला रिकी (वेस बेंटली) हाती लागेल ते व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपत असतो. त्याचा बाप कर्नल फ्रँक फिट्स (ख्रिस कूपर) करड्या शिस्तीचा आहे. रिकी आणि जेन प्रेमात पडतात. अखेर एका पावसाळी रात्री लेस्टरचा खून होतो.

पाहण्याचा विषय : चित्रपटाचा गाभा पाहण्यात आहे. इथे प्रत्येकजण दुसऱ्याकडे खिडकीतून, आरशातून, कॅमेऱ्यातून किंवा स्वतःच्या स्वप्नातून पाहत असतो. हे पाहणे कुठे नेते, ते दोन प्रसंग शेजारी ठेवले की स्पष्ट होते.

पहिला प्रसंग प्लास्टिकच्या पिशवीचा. रिकी जेनला आपले एक चित्रण दाखवतो. विटांची लाल भिंत, जमिनीवर वाळकी पाने आणि वाऱ्यावर गिरक्या घेणारी एक पांढरी पिशवी, एवढेच त्यात आहे. बर्फ पडायला आलेल्या दिवशी ती पिशवी चांगली पंधरा मिनिटे आपल्याबरोबर नाचत होती, असे तो सांगतो. पिशवी कशाचे प्रतीक आहे, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. पण रिकी तिच्यावर कोणताही अर्थ लादत नाही. तो फक्त दृष्टी हटवत नाही. फेकलेल्या वस्तूकडे एवढा वेळ निर्भयपणे पाहिल्यावर तिच्यात जीव दिसू लागतो, हा त्याचा अनुभव आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारात अशीच एक पिशवी उडताना बॉल यांनी पाहिली होती आणि तिथूनच हा प्रसंग आला.

दुसरा प्रसंग कर्नलचा. तोही खिडकीतूनच पाहतो. समोरच्या गॅरेजमध्ये रिकी गांजाची सिगारेट वळतो आहे आणि लेस्टर आरामात रेलून बसला आहे. दोन खिडक्यांमधल्या भिंतीमुळे नेमकी मधली कृती झाकली जाते आणि दोघांमध्ये शरीरसंबंध चालला आहे, अशी कर्नलची खात्री पटते. न दिसलेली जागा तो स्वतःच्या आयुष्यभर दडपलेल्या इच्छेने आणि त्या इच्छेच्या भयाने भरून काढतो. पुढे तो लेस्टरचे चुंबन घेतो, नाकारला जातो आणि त्याला गोळी घालतो. रिकी जिथे थांबून पाहतो तिथे त्याला सौंदर्य सापडते. कर्नल पाहण्याआधीच निकाल देतो आणि त्यातून खून घडतो.

मूळ पटकथेत हा धागा आणखी पुढे नेलेला होता. खुनाचा आळ जेन आणि रिकी यांच्यावर येतो आणि न्यायालय त्यांना दोषी ठरवते, असे खटल्याचे प्रसंग चित्रितही झाले होते. संकलनात मेंडिस यांनी ते काढून टाकले. वडिलांना मारण्याविषयी जेन कॅमेऱ्यासमोर बोलते, तो आरंभीचा तुकडा मात्र राहिला. प्रेक्षकही तो पाहून जेनवर संशय घेतो आणि कर्नलच्याच चुकीत काही काळ सहभागी होतो.

गुलाब आणि चौकटी : ‘अमेरिकन ब्यूटी’ हे गुलाबाच्या एका जातीचे नाव आहे. ही जात मूळची फ्रान्समधली. १८७५ मध्ये तिथे ती ‘मादाम फेर्दिनां झामँ’ या नावाने आली आणि अमेरिकेत नव्या नावाने महागड्या फुलांच्या बाजारात गाजली. चित्रपटात लाल गुलाब सर्वत्र आहेत : कॅरोलिनच्या बागेत, जेवणाच्या टेबलावर, लेस्टरच्या दिवास्वप्नांत अँजेलाभोवती आणि शेवटी खुनाच्या क्षणी फुलदाणीत. कॅरोलिन प्रथम दिसते ती गुलाब छाटताना. तिच्या कात्रीची मूठ आणि पायांतली बागकामाची पादत्राणे एकाच रंगाची आहेत आणि हा मेळ मुद्दाम साधलेला आहे, असे लेस्टर सांगतो. फूल तिने नीट कापून सजवले आहे. त्याच्याजवळ थांबायला तिला सवड नाही.

हॉल यांचा कॅमेरा बहुतांश वेळ स्थिर, मोजूनमापून रचलेल्या चौकटी दाखवतो. जेवणाच्या प्रसंगात टेबलाच्या दोन टोकांना नवरा-बायको, मध्ये जेन आणि गुलाब असतात. कॅमेरा अतिशय सावकाश त्यांच्याकडे सरकतो. कार्यालयात संगणकाच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगांमागे लेस्टरचे प्रतिबिंब तुरुंगाच्या गजांआड असल्यासारखे दिसते. रिकीची हलती, खरखरीत व्हिडिओ-चित्रणे या बांधीव चौकटींना छेद देतात. न्यूमन यांचे मरिंबा आणि अन्य तालवाद्यांवरचे संगीत चालीपेक्षा ठेक्यावर भर देते.

असमाधानाचे कारणही चित्रपट एका छोट्या प्रसंगात नेमके दाखवतो. एका दुपारी नवरा-बायको बऱ्याच काळाने जवळ येतात. चुंबन होणार एवढ्यात कॅरोलिनचे लक्ष लेस्टरच्या हातातल्या कलत्या बीअरच्या बाटलीकडे जाते. सोफ्यावर सांडेल, असे ती म्हणते. सोफा चार हजार डॉलरचा, इटालियन रेशमाचा आहे. तो क्षण तिथेच विरतो. इथे कॅरोलिनला दुष्ट ठरवणे सोपे आहे. पण घर विकले न गेल्यावर खिडक्यांचे पडदे ओढून एकटीच रडणारी आणि स्वतःला थोबाडीत मारणारी कॅरोलिनही याच चित्रपटात आहे.

आक्षेप आणि मूल्यमापन : प्रदर्शनाच्या वेळी वाहवा झालेल्या या चित्रपटाचे स्थान पुढे घसरले. कॅरोलिनची व्यक्तिरेखा काही ठिकाणी व्यंगचित्रासारखी होते आणि लेस्टरच्या बंडाला जितकी सहानुभूती मिळते तितकी तिच्या धडपडीला मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. अल्पवयीन मुलीविषयीच्या प्रौढ पुरुषाच्या अभिलाषेभोवती कथा बांधल्याबद्दलही टीका झाली. २०१७ मध्ये स्पेसी यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाल्यानंतर ती अधिक तीव्र झाली. पिशवीच्या प्रसंगाची इतकी विडंबने झाली की मूळ प्रसंग कोऱ्या नजरेने पाहणे अवघड होऊन बसले.

या आक्षेपांचा विचार करताना शेवटचा अर्धा तास निर्णायक ठरतो. हा आपला पहिलाच अनुभव आहे, असे अँजेला सांगते आणि लेस्टरच्या स्वप्नातली गुलाबांत गुंडाळलेली मुलगी नाहीशी होते. समोर एक घाबरलेले पोर असते. तो थांबतो, तिच्या अंगावर पांघरूण घालतो, तिला खाऊ घालतो आणि विचारतो, जेन कशी आहे. जेन प्रेमात आहे, आनंदात आहे, हे ऐकून तो हसतो. अँजेला गेल्यावर तो कुटुंबाचे जुने छायाचित्र हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. तिघांचे चेहरे तेच आहेत, घरही तेच आहे. त्या छायाचित्राकडे तो पाहत असतानाच त्याच्या डोक्यामागे पिस्तुलाची नळी येते.