क्षमा करणारी प्रीती : बर्मिंगहॅम, १९६३

मिरजेत माझा फोटो स्टुडिओ होता. अठ्ठावीस वर्षे चालवला, मग मोबाइल आले आणि बंद केला. त्या अठ्ठावीस वर्षांत पासपोर्ट साइजखालोखाल सर्वांत जास्त आलेले काम म्हणजे 'हा तेवढा मोठा करून द्या'. घरातले माणूस गेले की लोक लग्नातला ग्रुप फोटो, शाळेचे ओळखपत्र, कधी रेशनकार्डावरचा डागाळलेला चेहरा घेऊन येत. तेराव्याच्या आत भिंतीवर लावायचा असे. ख्रिस्ती कुटुंबेही पुष्कळ येत, मिशन हॉस्पिटलमुळे मिरजेत त्यांची वस्ती जुनी आहे. त्यांना स्मरणसभेसाठी हवा असे. म्हाताऱ्या माणसाचा फोटो असला तर चार गोष्टी बोलल्या जात. लहान मुलाचा असला की आणणाराही बोलत नसे आणि मीही.

म्हणूनच असेल, एका पुस्तकात डेनिस मॅकनेअर या मुलीचा फोटो पाहिला तेव्हा मी पान उलटू शकलो नाही. आठ-नऊ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, हातात बाहुली, समोर पाहून हसते आहे. फोटो तिच्या वडिलांनी काढलेला. ख्रिस मॅकनेअर स्वतः छायाचित्रकार होते. मला पहिला प्रश्न पडला तो धंद्याचा : हा फोटो पुढे मोठा कुणी केला असेल? बापाने स्वतःच?

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायला शिकलो. त्या एका प्रश्नामागे गेली बारा वर्षे मी जमेल तेवढी पुस्तके, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि जुने फोटो पाहत आलो आहे. बर्मिंगहॅमला मी गेलेलो नाही. आपल्याकडे अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीविषयी बरेच लिहिले गेले. मार्टिन लूथर किंग १९५९ साली भारतात येऊन मुंबईच्या मणिभवनात राहून गेले, हे अनेकांना ठाऊक असते. १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावाची प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची होती, हेही सर्वज्ञात. परंतु माझ्या वाचनात बर्मिंगहॅमची घटना बहुधा एका ओळीत येई : चर्चमध्ये बॉम्बस्फोट, चार मुली ठार, पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा. या ओळीत चळवळ आहे, कायदाही आहे. ज्या मंडळीत ही मरणे झाली ती मंडळी मात्र नाही. त्या लोकांनी सोमवारी सकाळी काय केले? त्यांच्या श्रद्धेचे काय झाले? या लेखात मी तेवढेच शोधणार आहे.

शहर आणि चर्च

अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम १८७१ साली वसले, लोखंड आणि कोळशावर वाढले. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, तिथल्या कृष्णवर्णीय बाप्टिस्टांनी आपली मंडळी स्थापन केली. सोळाव्या रस्त्यावरची आजची इमारत १९११ ची. वास्तुविशारद वॉलेस रेफील्ड हेही कृष्णवर्णीय. ज्या शहरात काळ्या माणसाला हॉटेलात टेबल आणि बागेत बाक मिळत नसे, तिथे हे चर्च उपासनेसाठी होतेच, शिवाय सभेचे, संगीताचे, व्याख्यानांचेही ठिकाण होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत या शहरात सुमारे ५० बॉम्बस्फोट झाले. लोक त्याला 'बॉम्बिंगहॅम' म्हणू लागले. १९५६ च्या नाताळच्या रात्री पाळक फ्रेड शटल्सवर्थ यांचे घर उडवण्यात आले, ते कसेबसे वाचले. १९६३ च्या वसंतात किंग आणि शटल्सवर्थ यांनी इथे सत्याग्रह उभारला. किंग यांना गुड फ्रायडेला अटक झाली. आंदोलन अवेळी आणि अविचारी आहे, असे पत्रक आठ गोऱ्या धर्मगुरूंनी काढले होते. तुरुंगातून किंग यांनी त्यांना दिलेले उत्तर आज जगभर वाचले जाते. २ मे रोजी शाळकरी मुले याच चर्चच्या पायऱ्या उतरून मोर्चाने निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पोलिसांचे कुत्रे सोडले गेले आणि बंबाच्या पाण्याचे फवारे मारले गेले. हे फोटो जगाने पाहिले. मे महिन्यात समझोता झाला, सप्टेंबरात गोऱ्यांच्या शाळांत काळी मुले पाठवण्याची वेळ आली. त्याच सप्टेंबरात बॉम्ब ठेवला गेला.

१० वाजून २२ मिनिटे

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. चर्चमध्ये तो युवकांचा रविवार होता. अकराच्या उपासनेत मुलांकडे कामे होती. तळघरातल्या स्त्रियांच्या खोलीत पाच मुली तयार होत होत्या : अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, प्रत्येकी १४ वर्षांच्या, डेनिस मॅकनेअर, ११ वर्षांची, आणि अॅडीची धाकटी बहीण सॅरा, १२ वर्षांची. सॅराला आठवते ते शेवटचे दृश्य असे : अॅडी डेनिसच्या फ्रॉकचा पट्टा बांधत होती.

बाहेरच्या जिन्याखाली ठेवलेल्या डायनामाइटचा १० वाजून २२ मिनिटांनी स्फोट झाला. चौघी गेल्या. सॅरा ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, तिचा उजवा डोळा गेला. वीसहून अधिक माणसे जखमी झाली.

त्या दिवशीच्या संडे स्कूलच्या धड्याचे नाव होते 'क्षमा करणारी प्रीती'. मत्तयाच्या शुभवर्तमानातला, शत्रूवर प्रेम करायला सांगणारा भाग. हा योगायोग इतका नेमका आहे की पहिल्यांदा वाचताना तो नंतर कुणी रचला असावा असे मला वाटले. तो खरा आहे.

रस्त्यावर संतापलेली गर्दी जमली. पाळक जॉन क्रॉस हातात कर्णा घेऊन फिरत राहिले. परमेश्वर मेंढपाळ असल्याचे सांगणारे तेविसावे स्तोत्र म्हणत, घरी जा म्हणून लोकांना विनवत राहिले. त्याच वेळी, त्याच रस्त्यावर डेनिसचे आजोबा नातीचा बूट हातात घेऊन उभे होते. हे अख्खे गावच उडवून द्यावेसे वाटते, असे ते म्हणाल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आले. क्रॉस यांचे शब्द श्रद्धेचे आणि आजोबांचे शब्द अश्रद्धेचे, अशी वाटणी मला करता येत नाही. दोघे एकाच शहरातले, एकाच ढिगाऱ्यासमोर उभे होते. स्तोत्रांच्या पुस्तकात मेंढपाळाचे स्तोत्र आहे, तशी सूडासाठी आक्रोश करणारी स्तोत्रेही आहेत. आपण ती कमी वाचतो, एवढेच.

दिवस संपण्याआधी आणखी दोन मुले गेली. १६ वर्षांच्या जॉनी रॉबिन्सनच्या पाठीत पोलिसाची गोळी लागली. १३ वर्षांचा व्हर्जिल वेअर भावाच्या सायकलच्या दांडीवर बसून चालला होता, त्याला एका गोऱ्या मुलाने गोळी घातली. त्या मुलाची शिक्षा पुढे स्थगित झाली. 'चार मुली' म्हणताना ही दोन मुले बाहेर राहतात.

दोन अंत्यविधी

१८ सप्टेंबरला सिक्स्थ अॅव्हेन्यू बाप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधी झाला. हजारो लोक आले. किंग यांनी प्रवचन केले. निष्पाप रक्त वाया जात नाही, त्यातून या शहराचा उद्धार होऊ शकतो, असा त्यांचा आशय होता. रंगीत काचांच्या सुरक्षित आडोशाला बसून गप्प राहिलेल्या प्रत्येक धर्मोपदेशकाला या मुलींचे काही सांगणे आहे, असेही ते म्हणाले. गोऱ्या बांधवांवरचा विश्वास सोडू नका, असेही म्हणाले.

मात्र तिथे शवपेट्या तीनच होत्या. कॅरोल रॉबर्टसनचा अंत्यविधी आदल्या दिवशी वेगळ्या चर्चमध्ये होऊन गेला होता. तिच्या आईवडिलांनी सामूहिक विधीला नकार दिला. समजूत घालण्याचे प्रयत्न झाले, ते ठाम राहिले. चळवळीमुळे मुलगी गेली हे त्यांना कळत होते, पण दुःख त्यांच्या घरातले होते.

या तपशिलाशी मी फार दिवस अडखळलो. चळवळीच्या इतिहासकाराला ती बहुधा किरकोळ नोंद वाटेल. मला वाटते, इथे ख्रिस्ती शोकाच्या दोन खऱ्या रीती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक रीत मरणाला अर्थ देते : हे बलिदान आहे, यातून काही उगवेल. दुसरी म्हणते : अर्थ नंतर पाहू, आधी माझी मुलगी मला पुरू द्या. किंग यांनी अर्थ दिला नसता तर गावात आणखी रक्त सांडले असते, हे मी मान्य करतो. तरी चौदा वर्षांच्या मुलीने कुणाच्या उद्धारासाठी मरायचे ठरवलेले नव्हते. ती रविवारी सकाळी चर्चला गेली होती. तिच्या आईवडिलांचा नकार मला श्रद्धेइतकाच पवित्र वाटतो.

चेहरा नसलेला ख्रिस्त

स्फोटात चर्चच्या रंगीत काचा फुटल्या. एका खिडकीतल्या ख्रिस्ताच्या आकृतीचा केवळ चेहरा उडून गेला, बाकी आकृती जागेवर राहिली. २२ सप्टेंबरला लेखक जेम्स बाल्डविन आणि धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांचा संवाद दूरचित्रवाणीवर झाला, त्यात या हरवलेल्या चेहऱ्याचा विषय निघाला. चेहरा कुणी फोडला, हा प्रश्न उरतोच. ज्या क्लू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी बॉम्ब ठेवला, ती संघटना स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होती आणि क्रूस पेटवत होती. शहरातले एक गोरे वकील, चार्ल्स मॉर्गन, दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांच्या एका क्लबात उभे राहून म्हणाले की, हे आपण सर्वांनी केले आहे. त्यांना पुढे ते शहर सोडावे लागले.

स्फोटाची बातमी समुद्रापलीकडे वेल्समध्ये जॉन पेट्स या काचचित्रकाराने रेडिओवर ऐकली. आपण नवी खिडकी करून द्यावी, असे त्याच्या मनात आले. 'वेस्टर्न मेल' या वर्तमानपत्राने वर्गणी गोळा केली, आणि अट घातली की कुणीही अडीच शिलिंगांपेक्षा जास्त द्यायचे नाही. एखाद्या धनिकाने खिडकी विकत घेऊन द्यावी असे त्यांना नको होते. ती वेल्सच्या लोकांची असायला हवी होती. शाळकरी मुलांनीही पैसे दिले. १९६५ साली ती बसली. तिच्यात काळा ख्रिस्त आहे, हात क्रुसावरच्यासारखे पसरलेले. एक हात अन्यायाला मागे ढकलतो, दुसरा क्षमा देऊ करतो. खाली मत्तयाच्या शुभवर्तमानावरून घेतलेले शब्द आहेत : दुर्बळाला जे करता ते मलाच करता, या अर्थाचे.

या खिडकीचे फोटो मी भिंग लावून पाहिले आहेत. एकाच शरीराचे दोन हात दोन कामे करत आहेत. पेट्सने एका हातासाठी दुसरा खाली घेतलेला नाही.

कोर्टात गेलेली क्षमा

संशयित कोण, हे तपास यंत्रणेला दोन वर्षांत कळले होते. तरीही १९६८ साली एफबीआयने कुणावरही आरोप न ठेवता तपास बंद केला. पुढे अलाबामाचे तरुण अॅटर्नी जनरल बिल बॅक्सली यांनी तो उघडला. १९७७ साली रॉबर्ट चॅम्ब्लिसवर खटला उभा राहिला, डेनिसच्या खुनाचा. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती नात्यातल्या भाचीने. ती मेथॉडिस्ट पंथाची दीक्षित धर्मोपदेशक होती. ज्या घरात ख्रिस्ताच्या नावाने द्वेष शिकवला गेला, त्याच घरातून ख्रिस्ताच्या नावाने सत्य बोलणारी बाई आली. १७ नोव्हेंबरला समारोपाचे भाषण करताना बॅक्सली ज्युरींना म्हणाले, आज डेनिसचा सव्विसावा वाढदिवस असता. चॅम्ब्लिसला जन्मठेप झाली. १९८५ साली तो तुरुंगात मेला, शेवटपर्यंत गुन्हा नाकारत.

तो खटला पाहायला कायद्याचा एक विद्यार्थी तास बुडवून येत असे, डग जोन्स. पुढे सरकारी वकील होऊन त्यानेच २००१ साली थॉमस ब्लँटनला आणि २००२ साली बॉबी फ्रँक चेरीला शिक्षा मिळवून दिली. चौथा संशयित हर्मन कॅश खटल्याविनाच १९९४ साली मरण पावला. २००१ च्या खटल्यात साक्षीला एक वृद्ध बाई चाकाच्या खुर्चीतून आल्या : अल्फा रॉबर्टसन, कॅरोलची आई. वेगळा अंत्यविधी करणाऱ्या त्याच. स्वतःचे दुःख चळवळीच्या व्यासपीठावर न नेणारी ही बाई अडतीस वर्षांनी ते कोर्टापुढे घेऊन आली. दुसऱ्या वर्षी त्या वारल्या.

रोजची प्रार्थना

माझ्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त परिचारिका होत्या, आम्ही त्यांना सिस्टरच म्हणायचो. ही सगळी कथा मी त्यांना सांगितली आणि विचारले, "क्षमा मागायला कुणी आलेच नाही. मग त्या लोकांनी क्षमा कुणाला करायची?"

सिस्टर जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, आमच्या प्रार्थनेत ते रोज आहे. एकदा करून होत असतं, तर रोज कशाला म्हटलं असतं?"

मी धर्माने ख्रिस्ती नाही. पण बारा वर्षांच्या वाचनाने जे उलगडले नव्हते ते त्या वाक्याने थोडे उलगडले. आपण क्षमेला निकाल समजतो, एकदा दिला की फाइल बंद. म्हणून बाहेरच्या जगाला पीडितांची क्षमा आवडते. तिने आपली सुटका होते. पण बर्मिंगहॅमच्या त्या मंडळीने जून १९६४ मध्ये डागडुजी करून चर्च पुन्हा उघडले, उपासना चालू ठेवली, आणि खटल्याचा आग्रहही सुटला नाही. तिथे क्षमेचा अर्थ न्याय सोडणे असा झाला नाही.

सॅरा कॉलिन्स एका डोळ्यानिशी मोठी झाली. अलाबामाच्या गव्हर्नरांनी २०२० साली तिची माफी मागितली. स्फोटाला सत्तावन्न वर्षे झाली होती. माफीबरोबर भरपाई आली नाही, आणि ती मागणे सॅराने सोडले नाही. चर्चसमोरच्या बागेत २०१३ पासून चार मुलींचे शिल्प आहे. त्याच्यावर त्या रविवारच्या धड्याचे नाव कोरले आहे. पाचवी मुलगी त्या शिल्पात नाही. ती वाचली होती.

डेनिसचा फोटो मोठा कुणी केला, हे मला अजून सापडलेले नाही.