उत्सव संपला, टोपी राहिली

आकाशकंदील केव्हा उतरवावा याचे आपल्याकडे शास्त्र नाही, रिवाज आहे. कोणी भाऊबीज झाली की उतरवतात, कोणी तुळशीचे लग्न लागेपर्यंत ठेवतात, कोणी त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे पाहून मगच दोरीला हात लावतात. एखाद्या घरी मात्र तो तसाच राहतो. माघात त्याचा रंग विटतो, चैत्रात कागद फाटतो आणि आषाढात नुसत्या कामट्या वाऱ्यावर डुलत असतात. शेजारी आधी हसतात, मग कुरकुरतात, आणि पुढेपुढे ती त्या घराची खूणच होऊन बसते.

अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात असाच एक कंदील तेरा वर्षांहून अधिक काळ उतरायचा राहून गेला. तो खाली यावा म्हणून कितीतरी माणसे अक्षरशः देव पाण्यात घालून बसली होती. कंदील म्हणजे कागदाचा नव्हे. १२२ फूट उंचीची, चांदण्यांनी नटलेली निळी टोपी!

ही हकीकत समजायची तर वॉल्ट डिस्नेची एक युक्ती आधी समजून घेतली पाहिजे. १९५५ च्या १७ जुलैला कॅलिफोर्नियात त्याने डिस्नेलँड उघडले, तेव्हा दरवाजातून आत येणाऱ्या माणसाला समोर सरळ रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला ७७ फुटांचा किल्ला दिसेल अशी रचना केली. अशा खुणेला तो 'वीनी' म्हणे. वीनी म्हणजे सॉसेज. हातात सॉसेज धरले की कुत्रा हवा तिकडे मागे येतो, तशी दूरवरची ती उंच आकृती माणसाला आत ओढून नेते. उपमा काही फार सभ्य नाही. पण मर्म खरे आहे. पंढरीच्या वाटेवर कळस दिसला की दमलेल्या पायांना जी ओढ लागते, तीच ही ओढ. बागेतला रस्ता आणि त्याच्या टोकाची खूण यांचे नाते असे असते. त्या दोहोंच्या मध्ये काही आणून ठेवले की रस्ताच मुका होतो.

डिस्ने १९६६ साली वारला. पुढे त्याच्या कंपनीने फ्लॉरिडातील ओर्लँडोजवळ एकामागून एक बागा उभारल्या. पहिली १९७१ साली. तिच्यात सिंड्रेलाचा १८९ फुटांचा राजवाडा. दुसरी एपकॉट, १९८२ च्या १ ऑक्टोबरला उघडलेली. तिच्या दाराशीच १८० फूट उंचीचा एक प्रचंड गोल सहा पायांवर उभा आहे. 'स्पेसशिप अर्थ' हे त्याचे नाव. त्याच्या अंगावर ११,३२४ त्रिकोणी पत्रे आहेत आणि पावसाचे पाणी खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर न गळता पत्र्यांच्या फटींतून आतल्या पन्हळींत जाते, तेथून बागेतल्या तळ्यात. तिसरी बाग सिनेमाची. तिच्याकडे आपण येऊच.

कंपनी तशी उत्सवप्रिय. १९९६ साली पहिल्या बागेची पंचविशी आली, तेव्हा तो राजवाडा चारशेहून अधिक गॅलन गुलाबी रंग फासून वाढदिवसाचा केक बनवण्यात आला. लग्नाचे फोटो काढायला आलेल्या कित्येक जोडप्यांचा त्या गुलाबीपणाने पुरता हिरमोड झाला म्हणतात. परंतु तो केक १९९८ च्या आरंभी उतरला. उत्सव झाला, मखर मोडले. तक्रार मिटली.

१९९९ साली मात्र खोड वेगळी लागली. नव्या सहस्रकाचा उत्सव म्हणून एपकॉटच्या त्या गोलाच्या शेजारी मिकी माऊसचा पांढरा हातमोजा घातलेला हात उभा केला गेला. हातात जादूची कांडी, वर गोलाच्याही माथ्यावरून '२०००' हा आकडा. ज्यांना एपकॉट मनापासून आवडे त्यांना हे झोंबले, आणि त्याला कारणही होते. एपकॉट ही विज्ञानाची, उद्याच्या जगाची बाग. आरंभीच्या काळात तर मिकी आणि त्याच्या गोतावळ्याला तेथे मुद्दामच प्रवेश नव्हता. त्या गंभीर, रुपेरी गोलावर कार्टूनचा हात म्हणजे पंडिताच्या पगडीवर पतंग चिकटवल्यासारखे झाले. बरे, वर्ष सरले. मग काय व्हावे? '२०००' हा आकडा तेवढा काढला आणि त्या जागी वळणदार अक्षरांत 'एपकॉट' असे लिहिले! हात तसाच. म्हणजे तिथी उलटली म्हणून गणपती विसर्जित केला, पण आरास मात्र पुढच्या आठ चतुर्थ्यांपर्यंत दिवाणखान्यात! अखेर २००७ साली एपकॉटचीच पंचविशी आली, तेव्हा तो हात उतरवला गेला. १ ऑक्टोबरला गोल पुन्हा एकटा उभा होता.

आता टोपी. तिसरी बाग १९८९ च्या १ मे रोजी उघडली, 'डिस्ने-एमजीएम स्टुडिओज' या नावाने. आत शिरले की जुन्या हॉलिवुडचा रस्ता लागे आणि त्याच्या टोकाला चायनीज थिएटर. मूळ चायनीज थिएटर १९२७ च्या १८ मे रोजी खुद्द हॉलिवुडमध्ये उघडले. लाल खांब, चढत जाणारे हिरवट छप्पर, दारावर भलामोठा ड्रॅगन. फ्लॉरिडात त्याची प्रतिकृती उभारली आणि तिच्या पोटात 'द ग्रेट मूव्ही राइड' नावाची सफर ठेवली. प्रेक्षक गाडीत बसून गाजलेल्या चित्रपटांच्या प्रसंगांतून हिंडत: येथे पावसात दिव्याच्या खांबाला लटकलेला जीन केली, तेथे 'कॅसाब्लांका'तला विमानतळावरचा निरोप. सिनेमावर प्रेम करणाऱ्यांना ती जागा देवळासारखी होती.

२००१ साली वॉल्ट डिस्नेच्या जन्मशताब्दीचा उत्सव मांडला गेला आणि या देवळाच्या ऐन समोर, रस्ता आणि दार यांच्या मध्ये, ती टोपी येऊन बसली. खाली मिकीचे कान, वर तिरकी टोपी. ही टोपी कोणती? १९४० च्या 'फँटेसिया' चित्रपटातली. जादूगाराचा उमेदवार चेला गुरू झोपल्यावर त्याची टोपी डोक्यावर घालतो, केरसुणीला पाणी भरायला लावतो. केरसुणी पाणी आणू लागते, पण तिला थांबवायचे कसे हे या पठ्ठ्याला ठाऊक नसते. घर पाण्याने भरते तरी घागरी येतच राहतात. मूळ कथा गटेच्या १७९७ च्या कवितेतली, संगीत फ्रेंच संगीतकार द्यूका याचे. सुरू करता येते पण थांबवता येत नाही, अशा जादूची खूण शताब्दीसाठी निवडणाऱ्यांना तिच्यातली गंमत जाणवली असेल काय? मला तर वाटते, नसावी.

उत्सव आटोपला. टोपी राहिली. तिच्याखाली दुकान थाटले गेले, बिल्ले विकले जाऊ लागले. बागेच्या नकाशावर, जाहिरातीत, सगळीकडे टोपीच आली. २००८ साली बागेचे नाव बदलून 'डिस्नेज हॉलिवुड स्टुडिओज' झाले, पण टोपी हलली नाही. थिएटरच्या नक्कलहक्कावरून काही वाद आहे आणि दर्शनी भाग झाकावा म्हणूनच टोपी बसवली, अशी वदंता उठली. कंपनीने तसे कधी म्हटले नाही. पण शेजारचा कंदील उतरत नाही याला काही कारण असलेच पाहिजे, असे मानण्यात माणसाला दिलासा वाटतो.

कोणी म्हणेल, पॅरिसच्या लेखक-कलावंतांनी १८८७ साली आयफेल मनोऱ्यालाही विरोध केला होता, आणि तोही वीस वर्षांपुरताच होता. आज त्यावाचून पॅरिस डोळ्यांपुढे येत नाही. खरे आहे. पण आयफेल मनोरा कोणाच्या दारात उभा नव्हता. टोपीवर राग होता तो ती कुरूप म्हणून नव्हे, आड आली म्हणून.

तरी एक गोष्ट मला या रागावलेल्या मंडळींपेक्षा अधिक विचारात पाडते. माझा एक भाचा नोकरीनिमित्त फ्लॉरिडात असतो. त्याच्या मुलीने डोळे उघडले ते टोपीच्या काळात. तिच्या आल्बममध्ये बापाच्या खांद्यावर, मग आईचे बोट धरून, मग आजीला फिरवताना (आजी नऊवारीत!) अशी ती टोपीखाली वाढत गेलेली दिसते. तिच्या लेखी चायनीज थिएटर म्हणजे टोपीमागचे काहीतरी लाल. १९८९ चा रस्ता आठवणाऱ्यांना जे अतिक्रमण, तेच तिचे बालपण. आणि दोघांपैकी कोणालाही मत विचारले जाणार नव्हते. जागा कंपनीची, तिकीट आपले. प्रेम करणाऱ्याच्या हाती फक्त वाट पाहणे असते.

ती वाट २०१४ च्या अखेरीस संपली. टोपी काढणार असे कंपनीने जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत काम सुरू झाले. जी मंडळी इतकी वर्षे टोपी टाळून फोटो काढण्यासाठी कोपरे शोधत होती, ती आता कुंपणापाशी उभी राहून टोपीचेच फोटो काढू लागली: आज किती उतरली, उद्या छपराचा कोणता कोन मोकळा होईल. फेब्रुवारी संपण्यापूर्वी रस्ता पुन्हा बोलू लागला. दारावरचा ड्रॅगन रस्त्याच्या तोंडापासून दिसला. भाच्याच्या मुलीने मला पत्रात एवढेच लिहिले, "आजोबा, आता ती जागा फार मोठी वाटते."

आनंद पुरता अडीच वर्षे टिकला. २०१७ च्या १३ ऑगस्टला 'द ग्रेट मूव्ही राइड' कायमची बंद झाली. पावसातला जीन केली गेला, विमानतळही गेला. दर्शनी भाग मात्र जसाच्या तसा ठेवला. ४ मार्च २०२० रोजी त्याच दारातून नवी सफर सुरू झाली. लाल खांबांमधून आत गेले की आता मिकी आणि मिनी यांच्या नव्या कार्टूनचा पहिला खेळ लागलेला असतो, आणि पडदा फाटून प्रेक्षक त्यांच्या उधळलेल्या आगगाडीत जाऊन बसतात. तेरा वर्षे दाराबाहेर टोपी घालून उभा असलेला मिकी घरात राहायला आला आहे.