सर्पपेटी

सर्पपेटी : बंदिस्त स्थितीत ठेवलेल्या सापाच्या निवासासाठी वापरण्यात येणारी, समोरच्या बाजूस काच बसविलेली, बहुधा लाकडी पेटी. प्राणिसंग्रहालये व संशोधनसंस्था यांच्याप्रमाणेच हौशी सर्पपालकही अशा पेट्या वापरतात. यूरोप व अमेरिका येथे त्या घरच्या घरी तयार करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. साप निसटू नये, एवढाच पेटीचा मूळ हेतू होता. सापाचे शरीर उष्णतेसाठी परिसरावर अवलंबून असते, हे ध्यानात घेऊन पेटीची रचना होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. सर्पपेटीचा इतिहास हा मुख्यत्वे या दृष्टिपालटाचा इतिहास होय.

भारतातील गारुड्याची झाकणाची टोपली हे साप बाळगण्याचे जुने साधन आहे [⟶ गारुडी]. वेत वा बांबू यांची ही टोपली हलकी, हवेशीर व खांद्यावरून नेण्यास सोयीची असते. तथापि तीत सापाला वेटोळे करूनच पडून राहावे लागते आणि ऊन वा सावली यांपैकी काहीही निवडता येत नाही. विषदंत काढलेला साप फार काळ जगत नसल्यामुळे दीर्घकाळच्या निवासाचा विचार या साधनात झालेला नाही.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र दालन उघडण्यात आले. अशा प्रकारचे हे जगातील पहिले दालन मानले जाते. १८५२ मध्ये तेथील एडवर्ड गर्लिंग हा सेवक पेटीतून बाहेर काढलेल्या नागाच्या दंशाने मरण पावला. कुलूप, झाकण व काच कितीही भक्कम असली, तरी पेटी उघडणाऱ्याच्या वर्तनावर सुरक्षितता अवलंबून असते, हे या घटनेने दाखवून दिले.

याच काळात इंग्लंडमध्ये घरगुती काचपेट्यांची हौस वाढली. नथॅन्येल वॉर्ड या लंडनमधील डॉक्टरांनी वनस्पतींसाठी प्रचारात आणलेली बंद काचपेटी आणि त्यानंतरचे मत्स्यपात्र यांच्या धर्तीवर सरडे, बेडूक व साप यांसाठीही पेट्या बनविल्या जाऊ लागल्या. ग्रेगरी बेटमन या धर्मोपदेशकांनी द व्हायव्हेरियम (१८९७) या पुस्तकात अशा पेट्यांची बांधणी, मांडणी व निगा यांचे सविस्तर विवेचन केले. अमेरिकेत रेमंड डिटमार्स (१८७६–१९४२) यांनी तरुणपणी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी सापांचा मोठा संग्रह केला होता. पुढे १८९९ मध्ये उघडलेल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील सर्पविभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. घरातील पेट्यांतून मिळालेला अनुभव अशा रीतीने सार्वजनिक संस्थेच्या उपयोगी पडला.

उष्णतेच्या प्रश्नास निश्चित वळण दिले ते जोन प्रॉक्टर (१८९७–१९३१) यांनी. त्यांच्या आराखड्यानुसार लंडनमध्ये १९२७ साली खुल्या झालेल्या नव्या दालनात संपूर्ण इमारत सारखी तापविण्याऐवजी निरनिराळ्या कक्षांना विजेने वेगवेगळी उष्णता देण्याची सोय होती. हेच तत्त्व पुढे घरगुती पेटीतही आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लायवुड व मेलॅमाइनचा थर दिलेले भुशाचे तक्ते सुलभ झाले, तापनियंत्रकही सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले आणि सुतारकामाची जुजबी माहिती असलेला माणूस स्वतः पेटी तयार करू लागला.

अशा पेटीच्या तीन बाजू, तळ व छत लाकडाचे असून पुढे खाचेतून सरकणारी काचेची दोन तावदाने असतात. काचेच्या मानाने लाकडातून उष्णता सावकाश बाहेर जाते, हा लाकडाचा मुख्य गुण. पेटीच्या एका टोकास दिवा वा उष्णतादायी पत्रा बसवितात व दुसरे टोक थंड ठेवतात, त्यामुळे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलू शकतो. बॉल अजगरासाठी उष्ण टोकाचे तापमान सु. ३०° ते ३२° से. व थंड टोकाचे सु. २५° से. ठेवतात. दिव्यास जाळीचे आवरण व तापनियंत्रक हे दोन्ही आवश्यक आहेत, कारण उघड्या दिव्याला विळखा घालून साप भाजल्याची उदाहरणे आढळतात. हवा खेळती राहण्यासाठी भोके पाडतात. प्रत्येक टोकास लपण्याची जागा व तळाशी पाण्याचे भांडे ठेवतात.

लाकडाचे दोषही आहेत. ते ओल शोषून फुगते आणि त्याच्या सांध्यांत सापाच्या अंगावरील गोचिडवर्गीय परजीवी लपून राहतात. म्हणून सांधे सिलिकोनने बुजवितात आणि आतून रोगण देतात. रोगणाचा वास पूर्णपणे जाईपर्यंत साप आत सोडत नाहीत. सीडरसारखे उग्र तेलयुक्त लाकूड वर्ज्य मानतात. पेटीच्या आकाराविषयीचे मतही बदलले आहे. पूर्वी लहान जागा सापास मानवते असे समजत. आता त्याला पूर्ण ताणून पसरता यावे, असा आग्रह धरला जातो.

भारतात सर्पनिवासाचा विकास वेगळ्या मार्गाने झाला. चेन्नईजवळ १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेत विष काढण्यासाठी आणलेले साप मातीच्या मडक्यांत ठेवतात व ठराविक काळानंतर ते पुन्हा निसर्गात सोडून देतात. चेन्नई (१९७२) व पुण्यातील कात्रज (१९८६) येथील सर्पोद्याने लोकशिक्षणासाठी उभारण्यात आली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित देशी साप परवान्याशिवाय घरी बाळगणे हा गुन्हा आहे. या अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले.

साप आवाज करून वेदना व्यक्त करीत नाही आणि अन्नावाचून कित्येक आठवडे राहू शकतो. परिणामी पेटीतील दोष दीर्घकाळ नजरेस येत नाहीत आणि आले, तेव्हा उपाय करण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणून पेटीचे मोल तिच्या सफाईवरून न ठरविता तीत सापाला कितपत निवड करता येते, यावरून ठरविणे योग्य होय.